मोहाखाली बंद केलेली गाडी

चैत्रातला रविवार, सकाळ. हजर: मी, वडील, मिस्त्री आणि कितीतरी वर्षांनी रस्त्यावर आलेली वडिलांची जुनी मोटार. पोंभुर्ण्याला आत्याच्या दारात याच गाडीतून उतरायचं, हा वडिलांचा हट्ट होता.

गोंडपिपरीचा हा मिस्त्री कधी घाई करत नाही. "झालं का?" विचारलं की बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "होऊन राह्यलं ना जी." त्या दिवशी मात्र तो स्टिअरिंगवर चक्क गुणगुणत होता. सेल्फ चालत नसल्याने गाडी ढकलून सुरू केली होती. "आता बंद पडली तं झालं, ताई," त्याने बजावलं. मागे वडील प्रत्येक गिअरला "वा!" म्हणत होते.

वाटेत मोहाची फुलं डांबरावर पसरली होती आणि तीन बाया ती वेचत होत्या. मिस्त्रीने फुलांच्या अलीकडेच थांबून इंजिन बंद केलं.

"अहो, बंद काऊन केली?" मी ओरडलेच.

"धुराचा वास लागते फुलाले," म्हणत तो उतरला आणि वेचू लागला. मग मीही वाकले.

रस्ता मोकळा झाल्यावर बाया गाडीमागे आल्या. "एवढी मोठी गाडी, अन् ढकलाले आमीच का भाऊ?" एकीने टोमणा मारला. सगळ्यांनी जोर लावला आणि इंजिन धडधडलं! वडिलांनी टाळ्या वाजवल्या.

"आमाले फेरी कवा?" मागून आवाज आला.

आत्याच्या दारात वडील ऐटीत उतरले. बायांना मात्र मोहाचा हंगाम सरेपर्यंत सवड नाही. त्यांची फेरी तेवढी बाकी आहे.