नायकाची वाक्यं भाऊजी वाचायचे

दुपारचे अडीच वाजले असतील. मी भांडी विसळत होते आणि समोरच्या स्वयंपाकघरातून पुरुषाचा आवाज आला, "तुझ्याशिवाय मला श्वास घेता येत नाही." दूध संपलंय हे सांगावं, त्या आवाजात. त्यावर बाईचा आवाज आला, "परत एकदा." पुरुषाने तेच वाक्य तसंच परत म्हटलं, जरा थांबला, आणि म्हणाला, "नाही. तोंडात बसत नाही."

आमच्या दोन स्वयंपाकघरांच्या खिडक्यांमध्ये हातभर मोकळी जागा आहे. या घरातलं दूध उतू गेलं तर त्या घरात कळतं. समोरचं जोडपं राहायला येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "साठीच्या पुढचा माणूस आहे. श्वासाचा त्रास असेल खरंच."

खरं काय ते समोरच्या ताईंनीच पुढे सांगितलं. त्या प्रेमकथा लिहायच्या. वर्षाला दोन. पुस्तकावर येणारं नाव त्यांचं नव्हतं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी थोरल्या प्रकाशकांनी ठेवलेलं होतं, लाडिक आणि लांबलचक. करारात ते नाव प्रकाशकांच्या मालकीचं होतं. "माझं काय, मी फक्त त्या नावाने लिहिते," असं म्हणून त्या हसायच्या. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, पाणीखात्यात होते. एकतीस वर्षं दारोदार फिरून त्यांनी पाण्याचे मीटर वाचले. वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहायचा, पुढच्या दारी. तसंच ते ताईंची पानं वाचायचे. दुपारची जेवणं झाली की टेबल पुसून दोघं समोरासमोर बसत. नायिकेचं बोलणं ताई वाचायच्या, नायकाचं भाऊजी. नायक कधी हृदयाचा डॉक्टर असायचा, कधी वैमानिक, कधी बागा आणि घोडे असलेला कुणी. भाऊजींच्या तोंडी सगळे सारखेच. तो सपाट आवाज सोसून जे वाक्य उभं राहील ते राहायचं. बाकीच्यांवर ताईंची पेन्सिल. एवढीच त्यांची पद्धत, आणि त्यावर छत्तीस पुस्तकं झाली.

"एका तरी पुस्तकात मीटर वाचणारा घाल की," भाऊजी म्हणायचे.

"त्याच्यावर कोण भाळणार?"

"तू नाही का भाळलीस?"

"मला पाणी वेळेवर हवं होतं," ताई म्हणायच्या.

एक पुस्तक छापायला गेलं की दुसरं सुरू होईपर्यंत दोन-अडीच महिने मोकळे असत. माझी आणि ताईंची खरी ओळख त्याच दिवसांतली. त्या कपाटं रिकामी करायच्या, जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा दुसरा विणायच्या. हातात भाजीची पिशवी घेऊन बसमध्ये चढायच्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायच्या, मागच्या बाकावरची माणसं काय बोलतात ते ऐकायला. "तरुण पोरं प्रेमाचं बोलतच नाहीत गं. सगळा वेळ फोन चार्ज आहे का, एवढंच," असं सांगून ते वहीत लिहूनही ठेवायच्या. कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन स्वतःचं पुस्तक गुपचूप उघडायच्या आणि आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के वाढलेत का ते बघायच्या. तिथल्या बाईंना वाटायचं, या बाईला एकच लेखिका आवडते. एकदा एका वाचक मुलीचं पत्र आलं, डॉक्टर नायकाचा पत्ता मिळेल का म्हणून. भाऊजी म्हणाले, "पाणीखात्याचा दे."

भाऊजी गेले ते अशाच मोकळ्या दिवसांत. सकाळी दाढी करायला बसले आणि तिथेच. तोंडाला फेस तसाच होता. पंधरा दिवसांनी नव्या पुस्तकाच्या दहा प्रतींचं पार्सल आलं. ताईंनी दार उघडलं नाही म्हणून मीच सही करून घेतलं. ते पुढे कितीतरी दिवस त्यांच्या चपलांच्या मांडणीवर तसंच पडून होतं, दोरीसकट.

या वेळी मोकळे दिवस संपलेच नाहीत. तीन महिने झाले, चार झाले. मी दुपारी डबा घेऊन जायची तर टेबलावर कोरे कागद, टोक केलेल्या पेन्सिली आणि समोर ओढून ठेवलेली भाऊजींची खुर्ची. प्रकाशकांकडे आता थोरल्यांचा मुलगा बघायचा. त्याचा फोन माझ्यासमोर आला होता. तो वाईट बोलला असं मी म्हणणार नाही. दुःख आहे हे समजतं म्हणाला. पण वर्षात दोन पुस्तकं ठरलेली आहेत, वाचक नावाची वाट बघतात, आणि नाव थांबलं तर विसरलं जातं. ताईंकडून वेळेवर आलं नाही तर त्या नावाने दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं लागेल.

फोन ठेवून ताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ते आधी गेले, आता हे नाव गेलं तर मी सकाळी उठून करू काय?"

मी ओटा पुसला, तोही पुसलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तू वाचशील का? नायकाचं?"

खोटं कशाला सांगू, मी सुखावले. कॉलेजात मी तीन वर्षं नाटकांत होते. लग्नानंतर तो आवाज मुलांना जेवायला हाका मारण्यापलीकडे कुठे वापरला गेला नव्हता. मी घरातलं आवरून, केस विंचरून जाऊ लागले. हे म्हणायचे, "निघाला का नायक?" भाऊजींच्या खुर्चीत मी बसले नाही, स्टूल ओढून घेतलं. आणि वाचलं ते जीव ओतून. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे श्वास घ्यायचा, सगळं.

"तू नव्हतीस तेव्हा या घराला नुसत्या भिंती होत्या. आता भिंतींनाही तुझं नाव पाठ झालंय."

हे मी वाचलं तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. पेन्सिल टेबलावर पडून राहिली. पानं भराभर पुढे जाऊ लागली, ताई जेवू लागल्या, एकदा तर बसने जाऊनही आल्या. दोन महिन्यांत कादंबरी पुरी झाली. मी मनातून इतकी फुगले होते की, हे म्हणाले, पुस्तकावर आता तुझंही नाव घालायला सांग.

तीन आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत आला. सोबत धाकट्या मालकाची चिठ्ठी. नायक पोकळ वाटतो. एकेक वाक्य सभेत उभं राहून बोलल्यासारखं. असा माणूस कुणाच्या घरात राहील यावर विश्वास बसत नाही. दीड महिना आणखी देतो. त्यापुढे थांबता येणार नाही.

ताईंनी चिठ्ठी मला दिली, भिंतींचं पान काढलं आणि म्हणाल्या, "वाच. पण काही करू नकोस. वीजबिलावरची सूचना वाचतेस तसं."

मी वाचलं. नाव पाठ झालेल्या भिंती. सपाट आवाजात ते इतकं हास्यास्पद वाटलं की मला पुढचं पान उलटायची लाज वाटली.

"चूक तुझी नाही," ताई म्हणाल्या. "तू छान वाचतेस. मी काहीही लिहिलं तरी तू ते छान करून टाकतेस. आणि मला कुणीतरी छान बोलायला हवं होतं, म्हणून मी ऐकत बसले."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. रागवायला जागा असती तर बरं झालं असतं.

मग आम्ही नव्याने बसलो. मला सपाट वाचता येईना. आवाज आपोआप वळायचा, मग ताई टेबलावर बोट आपटायच्या. घरी मी औषधाच्या बाटल्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून सराव केला. मुलांनी कानांत बोळे घातले. आठवड्याभरात जमलं. आणि जमल्यावर वाक्यं पडायला लागली. एका पानावर सात, दुसऱ्यावर पाच. मी वाचायची, ताई ऐकायच्या, मी मान हलवायची. "तोंडात बसत नाही" हे शब्द मात्र मी एकदाही उच्चारले नाहीत. ते दोघींना ऐकू येतच होते.

शेवटी त्या नायकाजवळ फार थोडं उरलं. "जेवलीस का?" "मी बाहेर आहे." "दिवा लावू?" "राहू दे, मी धुतो." नायिका रागावून जाते तिथे आधी त्याचं दीड पान बोलणं होतं. आता तो फक्त म्हणत होता, "किल्ली घेतलीस ना?"

ते वाचताना माझा आवाज हलला. ताई म्हणाल्या, "सपाट." मी परत वाचलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांच्या दारामागे खिळ्यावर भाऊजींची किल्ली अजून टांगलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी आणि ताई दोघींनी जाऊन गठ्ठा पोस्टात दिला. परतताना त्या म्हणाल्या, "आजवर लिहिलेल्यात हेच बरं आहे." मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी धीर दिला नाही. धीर द्यायची वेळ आहे असं वाटलंच नाही.

उत्तर फोनवर आलं. ताईंनी फोन माझ्या कानाला लावला, बहुतेक एकटीने ऐकायचं नव्हतं म्हणून. धाकटा मालक चांगुलपणाने बोलत होता. "मॅडम, तुमचं लिखाण नेहमीचंच, स्वच्छ आहे. पण आमच्या वाचक मुलींना स्वप्न हवं असतं. हा तर मीटर वाचायला आल्यासारखा बोलतो."

त्याला काही ठाऊक नव्हतं. सहज बोलला तो. मी फोन ताईंना परत दिला, त्या "बरं" म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग बराच वेळ त्यांनी टेबलावरच्या पेन्सिली एका मापात लावल्या, लांबीप्रमाणे.

त्यानंतरचे महिने मोकळेच. ताई कपाटं आवरत नाहीत. स्वेटर अर्धा उसवलेला आहे, लोकर पिशवीत. परत आलेली कादंबरी पार्सलच्या वर, चपलांच्या मांडणीवर ठेवली आहे. वाचनालयात त्या जात नाहीत, मी जाते. आणि तिथेच गेल्या आठवड्यात मला नवीन पुस्तकांच्या फळीवर ते लाडिक, लांबलचक नाव दिसलं. गुलाबी मुखपृष्ठ, नायक भूगोलाचा मास्तर. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या ताईंना सांगा, त्यांच्या आवडीचं आलंय."

दोन दिवस मी ते पुस्तक आमच्या गादीखाली लपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, "आलंय ना? तुझ्या तोंडावर दिसतंय. आण."

टेबल पुसलेलं होतं. मी स्टूल ओढलं. ताईंनी पुस्तक मधेच कुठेतरी उघडून माझ्यापुढे सरकवलं, आणि सवयीने पेन्सिल हातात घेतली.

"वाच. त्याचं तेवढं."

नायिका माहेरी निघून आलेली आहे, आणि तो दारात उभा आहे. मी डोळ्यांनी ओळ आधी वाचून घेतली. मनात आलं, थोडा आवाज चढवावा, थोडं नाटकी करावं, म्हणजे वाक्य पडेल. मला ते येत होतं. पण ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी सपाट वाचलं, "मी तुला न्यायला आलो नाही. तू निघालीस तर पिशवी धरीन."

वाक्य उभं राहिलं. माझ्या आवाजाने त्याचं काहीच बिघडलं नाही.

"परत एकदा," ताई म्हणाल्या. मी परत वाचलं. त्यांच्या हातात पेन्सिल होती, पण खूण करायला काही नव्हतं. आमच्या नळाखालची बादली भरून वाहत असलेली मला खिडकीतून ऐकू येत होती. मी उठले नाही.

मग ताईंनी पुस्तक मिटलं, त्या नावावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "जी कोण लिहिते, तिच्या घरी वाचणारं कुणीतरी आहे."