नदीपलीकडचा उत्तर कोपरा

ऑगस्ट सरत आला, मका पिवळा पडायला लागला, की ब्रॅनिंग गावात संध्याकाळचे ढोल ऐकू येतात. कॉलेजच्या बँडचा सराव असतो. आर्लिस टेगमन तेव्हा मागच्या ओट्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेली असते, आणि ढोल सुरू झाले की तिचे हात आपसूक थांबतात. शेंग अर्धी मोडलेली, नजर मक्याच्या शेंड्यांवर, आणि बाई कुठल्या कुठे गेलेली. शेजारीण कुंपणावरून दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा मारत नाही. या दिवसांत आर्लिस निम्मी इथे असते नि निम्मी नदीपलीकडे, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

नदीपलीकडे मॅकॅडी. म्हणजे वैरी. आपलं कॉलेज लाल, त्यांचं हिरवं. तो लांबुडका चेंडू छातीशी धरून पळायचा फुटबॉल आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात, आणि मॅकॅडीला नावं ठेवायला त्याच्याही आधी. दर शरदात दोघांचा एक सामना. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. जिंकेल त्याने दुधाची एक जुनी किटली घरी न्यायची. किटलीला पोचे नि भोकं इतकी, की आता त्यात दूध काय, वाळूसुद्धा टिकायची नाही. पण ती हिरव्यांकडे गेली की ब्रॅनिंगात हिवाळा जरा जास्तच लांबतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आर्लिसने उभं आयुष्य शाळेची बस चालवली. गावातले निम्मे संसारी लोक तिच्या आरशात वाढले. आजही तिने चष्म्यावरून नुसतं पाहिलं, की बँकेचा मॅनेजर खुर्चीत नीट बसतो. जीभ तिखट, पण मायाळू. मॅकॅडीबद्दल मात्र माया नाही. निदान गावाचा तसा समज होता, आणि तो तिनेही कधी मोडला नाही.

खरी गोष्ट निराळी होती. तिचा नवरा मर्ल तरुणपणी ब्रॅनिंगकडून खेळायचा. खेळायचा म्हणजे बाकावर बसायचा. एकदाच, मॅकॅडीच्या मैदानात, पुढचे दोघे जायबंदी झाले म्हणून त्याला आत घातलं, आणि शेवटी शेवटी आलेला एक लांब चेंडू झेलून हा पठ्ठ्या रेषेपलीकडे, उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन पडला. ब्रॅनिंग जिंकलं, किटली घरी आली. पुढे त्याने धान्याचं कोठार सांभाळलं, मुलगा वाढवला, गुडघे दुखवून घेतले. पण आयुष्याची मिळकत म्हणून विचाराल, तर तो कोपरा. सणाच्या टर्कीच्या जेवणाला दरवर्षी त्याच्या गोष्टीत तो चेंडू आकाशातून यायचा, आणि दरवर्षी थोडा अधिक उंचावरून. जाताना त्याने आर्लिसचा हात धरून एवढंच मागितलं, मला तिथे ठेव.

घरच्यांना वाटतं राख नदीत सोडली. आर्लिसने ती कॉफीच्या थर्मासमधून मॅकॅडीला नेली. सामना संपला की तिकडे फाटकं उघडतात आणि बायकापोरं गवतावर उतरतात, तशी रीतच आहे. त्या गर्दीत ती उत्तरेच्या कोपऱ्यात गेली, थर्मास तिरका केला, आणि मागे न बघता गाडीत येऊन बसली. तेव्हापासून वर्षाआड ती तिथे जाते. खाली उतरते, कोपऱ्यात उभी राहते, मनातल्या मनात बोलते. तुम्ही म्हणाल, नदी ओलांडली की गाव, एरवी जावं की कुठल्याही दिवशी. ती गेलीही होती एकदा, वसंतात. फाटकाला कुलूप, आत पाणी मारायचा फवारा फिरतोय, बाकडी रिकामी. जाळीतून तिने बराच वेळ पाहिलं, पण मर्ल काही तिथे नव्हता. ढोल वाजतात, लाल पोरं पळतात, मक्याच्या लाह्यांचा वास येतो, तेव्हाच तो तिथे असतो. यात तर्क शोधू नका.

मग एका उन्हाळ्यात लीग फुटली. आपापसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांची आमची ती जुनी लीग म्हणजे एकत्र कुटुंबच. थोरल्या दोन कॉलेजांना टीव्हीवाल्यांनी डोळा मारला, आणि ती सुटकेस भरून पश्चिमेकडच्या बड्या लीगमध्ये निघून गेली. मागे राहिलेले एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. गावातल्या खानावळीत गस ब्रंकहॉर्स्ट रोज सकाळी टेबलावर सगळा देश मांडायचा. गस म्हणजे मर्लचा कोठारातला जोडीदार, लाल टोपी बहुधा झोपतानाही न काढणारा.

"ही केचपची बाटली म्हणजे आपण," तो म्हणायचा. "मिरपूड नि मीठ गेले पश्चिमेला. आता आपल्यापुढे तीन वाटा. इथेच बसायचं, उरल्यासुरल्यांत. नाहीतर एक पायरी खाली उतरायचं, छोट्यांच्या लीगमध्ये. नाहीतर त्या पश्चिमवाल्यांच्या मागे जायचं. त्यांनी विचारलंय म्हणे."

"आणि मॅकॅडी?" आर्लिसने विचारलं.

गसने मोहरीच्या चटणीची बाटली उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. "ते हलणार नाहीत. आणि त्यांच्या प्रमुखाने सांगून टाकलंय, सोडून जाणाऱ्यांशी आम्ही यापुढे खेळणार नाही. गेलात तर गेलात."

आर्लिस त्या पिवळ्या बाटलीकडे पाहत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, बाटलीतून आरपार. गस पुढे काहीबाही बोलत होता. तिच्या डोळ्यांपुढे मात्र आकाशातून एक चेंडू सावकाश खाली येत होता, आणि खाली झेलायला कोणी नव्हतं. कॉफी निवून गेली तेव्हा ती उठली.

पुढचे आठवडे असेच गेले. रात्री तिला स्वप्न पडायचं, की ती बस घेऊन पुलावरून निघालीय आणि पूल लांबत चाललाय. मागे आरशात सगळी पोरं हिरव्या-लाल डब्यांतून पाव खातायत, कोणालाच घाई नाही. समोर मॅकॅडीचे दिवे दिसतायत, पण जवळ येत नाहीत. जाग आली की ती मर्लच्या बाजूची उशी सरळ करायची आणि अंथरुणात नुसती पडून राहायची.

एका संध्याकाळी नात आली, टेस. ती कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात होती, उंच, आजोबांसारखीच गुडघ्यांत जरा वाकडी. शेंगांची परात मधे घेऊन दोघी बसल्या.

"आजी, इथेच राहिलो तर पैसा नाही," टेस म्हणाली. "फुटबॉल ठेवतील. आमची टीम बंद. धावणाऱ्या मुलींचीही."

"कोणी सांगितलं?"

"कोचनेच. रडत होत्या बिचाऱ्या. एक पायरी खाली गेलो तरी तेच. फक्त पश्चिमेला गेलो तर आम्ही राहतो."

"मग तू काय करशील?"

टेसने खांदे उडवले. "टीम गेली की शिष्यवृत्तीही गेली. घरी येईन. बाबांच्या टायरच्या दुकानात बसेन. तू नको काळजी करू. तुला मॅकॅडीचा सामना हवाय, मला माहितीय. सगळ्यांनाच हवाय."

आर्लिसला मनापासून राग आला. टेसचा नाही, लीगचाही नाही. मर्लचा आला. नदीत पडला असता तर काय बिघडत होतं या माणसाचं?

निर्णयाआधी कॉलेजच्या प्रमुख डॉ. क्रॅब्ट्री यांनी जुन्या व्यायामशाळेत गावाची सभा घेतली. गाव लोटलं होतं. गसने आर्लिसचं नाव आधीच देऊन ठेवलेलं. मॅकॅडीशी वैर राखण्यात तिच्याइतकं मुरलेलं दुसरं कोण होतं? "दोन शब्द बोल आणि बसव त्या पश्चिमेला निघालेल्यांना खाली," तो कानात म्हणाला. ती माइकपाशी गेली, चष्म्यावरून पाहिलं, आणि सवयीने निम्मं सभागृह गप्प झालं.

"मॅकॅडीचं काही एक मला आवडत नाही," ती म्हणाली. लोक हसले, कोणीतरी शिट्टी मारली. "त्यांचा बँड बेसूर आहे. त्यांचे सॉसेज कच्चे असतात. पण दर दोन वर्षांनी मी तिथे जाते, आणि तिथे माझं काहीतरी आहे. काय ते विचारू नका, सांगणार नाही. तो सामना गेला तर ते जाईल." तिने चष्मा नाकावर सरकवला. "तर मला तो शनिवार हवाय. पण आपल्या मुली आत्ता खेळतायत, आत्ता पळतायत. त्यांना घरी बसवून मी म्हातारीने आपला शनिवार राखायचा, हे मला जमणार नाही. पश्चिमेला जा. खाली बसा आता सगळे, झालं माझं."

टाळ्या पडल्या नाहीत. गसने टोपी काढली, पाहिली, परत घातली. बाहेर पडताना तो म्हणाला, "मर्ल असता तर काय वाटलं असतं त्याला?" एवढं बोलून तो दुसऱ्या बाजूने गेला. नंतरचा महिनाभर खानावळीत तिच्या टेबलावर कोणी बसलं नाही. आमचं गाव वाईट नाही, पण रुसायला लागलं की रुसतं. तिच्या एका बोलण्याने ठरलं असं मी म्हणत नाही. मात्र ठरलं ते तसंच, पश्चिमेला.

आणि शेवटचा सामना आला तो मॅकॅडीच्या मैदानात.

त्या शनिवारी नदीवर धुकं होतं. पूल मधेच संपल्यासारखा दिसत होता, पण संपला नाही. टेसने गाडी चालवली. मैदानाबाहेरच्या गवतात आर्लिसची जागा ठरलेली होती, डोरीन व्हिटलॉकच्या शेजारी. डोरीन पक्की हिरवी. वर्षानुवर्षं दोघी गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडून शेजारी शेजारी जेवण मांडायच्या आणि दिवसभर एकमेकींचा उद्धार करायच्या.

"आलीस? मला वाटलं, विमानाने थेट पश्चिमेला जाशील," डोरीन म्हणाली.

"तुझी चिली खाल्ल्याशिवाय कशी जाऊ? जगात वाईट काय असतं ते विसरायला नको."

डोरीनने राजमा-खिम्याच्या त्या तिखट रश्श्याचा वाडगा पुढे केला, वर दालचिनीची गोड गुंडाळी ठेवून. आर्लिसने अंड्यांचं ताट सरकवलं. यंदा दोघी कमी बोलल्या. टेस दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही भांडत का नाही आहात?" त्यावर दोघींनी तिलाच खायला बसवलं.

सामना ब्रॅनिंग हरलं. किटली हिरव्यांकडे राहिली, आता कायमचीच. फाटकं उघडली, लोक गवतावर उतरले. आर्लिस टेसला मागे ठेवून एकटीच उत्तरेच्या कोपऱ्यात गेली. ऊन कलतं होतं, बँड कुठेतरी लांब वाजत होता, लहान पोरं लोळत होती. या वेळी तिला चेंडू स्पष्ट दिसला. तो येत होता, येत होता, आणि मर्लचे हात वर होते. इतका वेळ ते कधीच टिकलं नव्हतं. आता निरोप घ्यायचा, असं तिने ठरवून ठेवलं होतं, पण शब्द सापडेनात.

"त्याला सांगितलंस का, कितीने हरलात?"

मागे डोरीन उभी होती.

"कोणाला?" आर्लिस म्हणाली.

"अगं, त्या वर्षी मी इथेच होते. म्हटलं, ही बया चांगली कॉफी ओततेय गवतात. मग वारा आला आणि ती कॉफी माझ्या बुटांवर बसली." डोरीन खाली बघत बोलत होती. "बूट मी आठवडाभर पुसले नाहीत. म्हटलं, कसे पुसणार? मग इथे येऊन झटकले. सगळा असावा ना एका जागी."

आर्लिसने डोरीनच्या बुटांकडे पाहिलं.

"मी तर दर सामन्याला येते," डोरीन म्हणाली. "म्हटलं, एवढ्या हिरव्यांत एकटा लाल माणूस. येता जाता सांगते त्याला काय झालं ते. आम्ही जिंकलो की जरा खुलवून सांगते."

"म्हणजे इतकी वर्षं," आर्लिस सावकाश म्हणाली, "माझ्या नवऱ्याशी तू माझ्यापेक्षा जास्त बोललीयस."

"एकदाही उत्तर दिलं नाही त्याने."

"मलाही द्यायचा नाही."

दोघी हसल्या, आणि हसता हसता आर्लिस रडायला लागली. डोरीनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. टेस लांबून बघत होती, पण जवळ आली नाही.

"आमचेही निकाल सांगत जा त्याला," शेवटी आर्लिस म्हणाली, नाक पुसत. "पश्चिमेतले. मी फोन करीन दर शनिवारी. हरलो तर नको सांगूस."

"हरलात तर आधी सांगीन," डोरीन म्हणाली. "चल, चिली उरलीय."