खिंडीच्या अलीकडे

सायकलच्या शर्यतीत नवऱ्यानं आपल्याला मागं टाकावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई मी एकटीच असेन.

पाऊस संपून रस्ते जरा कोरडे झाले की आमच्या भागातल्या हौशी सायकलवाल्यांची मोसमातली पहिली टाइम ट्रायल असते, नागोठण्याहून रोह्याकडे, मधली खिंड चढून. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एका मिनिटाच्या अंतरानं एकेकाला सोडतात आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो पहिला. हळू चालवणारे आधी, म्हणजे मी आधी. नवरा मुद्दाम माझ्या मागचा नंबर मागून घेतो. दर वर्षी चढ लागायच्या आतच तो मला गाठतो, बाजूनं जाताना काहीतरी लागट बोलतो आणि मी त्याच्या पाठीला शिव्या घालते. मी धापा टाकत रोह्यात पोचते तेव्हा त्याची मिसळ खाऊन झालेली असते. आमच्या संसारात याहून मजेची गोष्ट फारशी नाही.

या वर्षी पावसाळ्यातच त्याला दम लागायला लागला. सकाळच्या शिफ्टला पेणहून धाटावच्या कारखान्यात जाताना बसच्या पायऱ्या चढला की दांडा धरून उभा राहायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, फुप्फुसाचा गेलेला भाग परत येत नाही, राहिलाय तेवढा सांभाळा. घरी आल्यावर हा म्हणाला, "डॉक्टर कुठं सायकल चालवतो गो? खिंड चढलो की बघू." मी हो म्हणाले. मला त्याचंच खरं मानायचं होतं. त्यानं मला मागं टाकलं की डॉक्टर चुकला, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

त्या सकाळी मी सुटले ती मान वळवत वळवतच. सपाटीवर मागून एक जण आला आणि गेला. मग दुसरा. हे दोघेही त्याच्या नंतर सुटलेले, म्हणजे त्याला टाकून पुढं आलेले. एवढा हिशेब कुणालाही जमेल, पण मला तो करायचा नव्हता. मी पाय ढिले सोडले. एरवी हळू चालवायला मला काही कष्ट पडत नाहीत, त्या दिवशी पडले.

चढ सुरू झाला तरी तो आला नाही. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. खालच्या शेतात एक बाई भात कापत होती. तिनं कंबर सरळ करून विचारलं, "काय गो, सायकल बिघडली काय?"

"नाय. नवरा येतोय मागून."

"शर्यतीत त्याची वाट बघतंस? मग नंबर कसा येनार तुझा?"

ती हसली, मीही हसले. देवाला मी तिथं उभ्या उभ्या काय काय कबूल केलं ते सांगायची सोय नाही.

मग खालच्या वळणावर तो दिसला. सायकल हातात धरून चालत येत होता. थोडं चालायचा, थांबायचा, हँडलवर कपाळ टेकायचा. मग त्यानं वर बघितलं आणि मी त्याला दिसले. त्यानं लगेच टांग टाकली आणि पॅडल मारायला लागला. सायकल डुगडुगत होती, तोंड उघडं पडलं होतं, आणि त्यातूनही तो माझ्याकडे बघून हसायला बघत होता.

डॉक्टर चुकला नव्हता. नवरा आता मला कधीच मागं टाकणार नव्हता, या वर्षी नाही आणि पुढंही नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, उतर रे बाबा, उतर. पण मी तिथं उभी असेपर्यंत तो उतरणारा माणूस नव्हे, छाती फुटली तरी. म्हणून मी पाठ फिरवली, सायकलवर बसले आणि जिवाच्या आकांतानं चढ मारत सुटले, एकदाही मागं न बघता. मी पुढच्या वळणाआड गेल्याशिवाय त्याला खाली उतरता येणार नव्हतं.