उजवीकडून चढलेला घोडेस्वार

ऑर्विल टॅकेट सेंट लुईसहून मोंटानात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्या मते त्याला घोड्यांतलं सगळं कळत होतं. पहिल्याच सकाळी हा डावखुरा गडी उजवीकडून घोड्यावर चढायला गेला. तिथल्या घोड्यांना डावीकडून चढणारी माणसंच ठाऊक. घोड्याने त्याला उचलून थेट चुलीवरच्या कॉफीत टाकलं. गुराख्यांचा मुकादम एझ्रा मुलिन्स त्याला उठवायला आला नाही. लांबूनच म्हणाला, "कॉफी सांडली."

ऑर्विल चांगला गुराखी कधी झालाच नाही. पण काडतुसांच्या खोक्याच्या झाकणावर कोळशाने घोडा काढायचा, तर तो झाकणावरून उडी मारेल असं वाटायचं. अकरा वर्षं गुरांमागे काढली, मग पूर्वेकडची मासिकं त्याची चित्रं छापू लागली आणि तो सेज फोर्क गावात लेटीशी लग्न करून राहिला.

चित्र पाठवण्याआधी तो ते खोगीरवाल्याच्या दुकानात टांगायचा. जो चूक काढेल त्याला लेटीच्या हातचा 'ॲपल पाय', म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ. उपाशी गुराख्याची नजर घारीची असते. दोराची गाठ चुकली, गुरांवरची डागणी चुकली, लगेच हात पुढे.

एका हिवाळ्यात शिकागोच्या कॅलेंडरवाल्यांचं पत्र आलं. शनिवारच्या चारच्या गाडीने एक चित्र पाठवा, आवडलं तर दरवर्षी बारा. नाहीतर सेंट लुईसला मेहुण्याच्या कारखान्यात साबणाच्या वेष्टनांवर फुलं काढायची, हे ठरलेलंच होतं. लेटीने ट्रंकासुद्धा खाली काढल्या होत्या. कॅलेंडरवाल्यांना घोड्याचं तोंड उजवीकडे हवं होतं. ऑर्विलने जुनं रेखाटन खिडकीच्या काचेला उलटं लावून गिरवलं, रंगवलं आणि शनिवारी सकाळी टांगलं.

कोणी हसेना. ऑर्विल पुन्हा चित्र न्याहाळू लागला.

"वहिनी, पाय पुरेल ना?" एकाने पाय घेऊन आलेल्या लेटीला विचारलं. "आज नऊ तुकडे लागतील. चूक एकच, पण सगळ्यांनाच दिसलीय."

रेखाटन उलटताना चढायची बाजूही उलटली होती. चित्रातला रांगडा गुराखी ऐटीत उजवीकडून चढत होता.

"शिकागोत कोणाला कळणार आहे?" ऑर्विल चिडून म्हणाला.

मुलिन्स कोपऱ्यात बसला होता. या माणसाने वीस वर्षांत त्याचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. तो म्हणाला, "शिकागोला नाही कळणार. घोड्याला कळेल ना."

ऑर्विलला राग आला, आणि लाजही वाटली. मग एकाएकी त्याला हसू फुटलं. घोड्याला कळेल, तर कळू दे की! त्याने कोरा कागद ताणला आणि जलरंग घेऊन तिथेच दुकानात बसला. लेटीने जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तीच ताट घेऊन आली.

"साबणावरची फुलं बरी म्हणायची वेळ येईल हं तुझ्यावर," ती म्हणाली.

"येऊ दे. आधी पाणी बदलून आण."

साडेतीनला चित्र झालं. घोडा तोच, तोंड उजवीकडेच. पण आता तो बिथरला होता आणि त्याच्या उजवीकडून चढू पाहणारं एक शहरी पोर हवेत उताणं उडालं होतं. पोराला नाक ऑर्विलचं होतं.

मुलिन्स चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिला. "कॉफी?"

ऑर्विलने खालचा कोपरा दाखवला. भांडं कलंडलं होतं, धूर निघत होता.

"लेटी," मुलिन्स म्हणाला, "मला पायचा तुकडा दे."

"चूक काय ती सांगा आधी, मुकादम."

"चूक नाही. आज नाही सापडली." त्याने चष्मा पुसला. "तरी दे."

ओलं चित्र आडवं धरून लेटीच स्टेशनाकडे पळाली. तीन आठवड्यांनी बारा चित्रांचं पत्र आलं, तेव्हा तिने ट्रंका पुन्हा माळ्यावर टाकल्या. ऑर्विल मात्र गावात ज्याला त्याला मुकादमाने चूक न काढता मागितलेल्या त्या पायचीच गोष्ट सांगत सुटला होता.