दुपंखी विमानाचं इंजिन

"थांबा, आयकू द्या," असं म्हणून शेजारचे भाऊ उजवा तळहात वर करायचे आणि मान डावीकडे कलती करायचे. समोर कोणाची स्कूटर असो, बागेतला पंप असो की त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, शिलाई मशीन. क्षणभर ऐकायचे आणि निदान सांगायचे. "पट्टा ढिला आहे." "तेल मांगून राहिली बिचारी." त्यांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. कानावर जगणारा असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत आमच्या क्वार्टरांची भिंत एकच होती. ते टर्नर, मी ड्रॉइंग सेक्शनमधला, नकाशे गिरवणारा ट्रेसर. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं नमस्कारापुरतं. मग एका रविवारी ते एका परदेशी मासिकातलं पान घेऊन आले. त्यावर वीतभर नकाशा होता. एकावर एक दोन पंख असलेलं, रेडिओवर चालणारं, हवेत कोलांट्या मारणारं छोटं विमान.

"बाबू, हे पुऱ्या मापात काढून देता काय?"

मी काढून दिलं. तो चार फुटी नकाशा त्यांनी पुढच्या खोलीत फरशीवर पसरला आणि कोपऱ्यांवर काकूंचे पितळी डबे ठेवले. वर्ष-दीड वर्ष त्या घरात माणसं भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. बाल्साचं लाकूड नागपूरहून यायचं. हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटू नये इतकं हलकं. दाढीच्या ब्लेडनं ते एकेक फासळी कापत. पंखांवर मढवायला काकूंनी आपली फिकट पिवळी रेशमी साडी दिली. "नेसून कुठं जाऊन राहिली मी," एवढंच म्हणाल्या.

विमान तयार झालं. रेडिओचा संच नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांकडून मिळाला. राहिलं फक्त इंजिन.

इथून पुढची सहा वर्षं इंजिनाची आहेत.

देशी डिझेल इंजिन सहज मिळत होतं. पण ते एकाच वेगानं चालणार, उडताना कमी-जास्त करता येणार नाही. ते बाजूला पडलं. मग नागपूरचे तेच गृहस्थ म्हणाले, माझ्याकडचं टू-स्ट्रोक घेऊन जा, मला आता उडवणं होत नाही. ताकदवान होतं, छोट्या पेरूएवढं, चालू हालतीतलं. भाऊ ते घेऊन आले, मागच्या अंगणात सागवानी फळीला आवळलं आणि सुरू केलं. इतका तीक्ष्ण आवाज की आजूबाजूची माणसं दारात आली. इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

मी म्हणालो, "भाऊ, झालं की काम!"

त्यांनी इंजिन बंद केलं. "हे किंचाळते, बाबू. दोन पंखांचं विमान असं किंचाळत नसते."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. दोन पंख, मध्ये दांड्या, तारा. असलं विमान हवेत अडकतं. त्याला वेग देऊन उपयोग नाही, ओढ द्यायला हवी. नाकावरचा पंखा मोठा पाहिजे आणि तो सावकाश, जोरानं फिरला पाहिजे. शिवाय याचं नाक आखूड, म्हणजे पुढे वजन पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिन जड असतं, ते वजन आपोआप मिळतं. सगळं बरोबर होतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण त्यांनी शेवटी, खाली बघत सांगितलं. लहानपणी ते नागपूरला मामाकडे राहत, तेव्हा रोज सकाळी एक दुपंखी विमान घरावरून जायचं. त्याचा आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा होता.

"टप-टप-टप-टप असा. भरल्या पोटाचा. फोर-स्ट्रोकच तसा बोलते."

पुढच्या रविवारी त्यांनी ते टू-स्ट्रोक पुसून, कापडात गुंडाळून नागपूरला परत नेऊन दिलं.

त्यांना घाई करायला कारण होतं, हे मला नंतर कळलं. त्यांचे वडील अड्याळला राहत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. म्हातारा ठार बहिरा. आजोबाही तसेच होते म्हणे. काकू मला हळूच म्हणाल्या, "यांच्या घरात पंचेचाळिशी झाली का कान जातात. माहीत आहे त्याईले. म्हणून म्हणते, जे भेटलं ते लावा अन् उडवा." मीही तेच म्हणायचो. ते हसून तळहात वर करायचे. काकूंचा भाऊ मस्कतला होता. तो फोर-स्ट्रोक आणणार होता, पुढच्या खेपेला नक्की आणणार होता.

पहिल्या खेपेला त्याला ते मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला टू-स्ट्रोकच घेऊन आला, दुकानदारानं सांगितलं म्हणून. ते इंजिन डब्यातून बाहेरही निघालं नाही. तिसऱ्या खेपेला सुट्टीच मिळाली नाही. विमान छताच्या हुकाला टांगलेलं, काकू दर शनिवारी मऊ फडक्यानं त्याची धूळ पुसत.

आणि त्या वर्षांत त्यांचं डोकं जास्त जास्त कलू लागलं. आधी डावीकडे, मग कान वस्तूला लावण्याइतकं खाली. एकदा माझी सायकल हातात घेऊन ते बराच वेळ मागचं चाक फिरवत राहिले आणि मला परत दिली. निदान सांगितलं नाही. कानाचं मशीन आणलं, त्यात नुसती खरखर यायची.

ज्या उन्हाळ्यात मेव्हण्यानं शेवटी फोर-स्ट्रोक आणलं, त्या उन्हाळ्यात त्यांच्याशी बोलायला तोंडासमोर उभं राहून ओरडावं लागत होतं.

त्याच फळीला त्यांनी ते आवळलं. पंखा फिरवला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. खरंच सांगतो, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खोल, सावकाश, एकेक ठोका वेगळा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा आहे?"

"छान!" मी ओरडलो.

"छान म्हंजे कसा?"

मला सांगता येईना. मी तोंडानं काढून दाखवायचा प्रयत्न केला, टप-टप-टप, माणूस लहान मुलाला दाखवतो तसा. ते माझे ओठ बघत राहिले. काकू उठून आत गेल्या.

उडवायला आम्ही मोहाडीकडच्या एका तलावावर गेलो. मे महिना, अर्धा तलाव आटलेला, त्यामुळे सपाट कोरडी जमीन मिळाली. मध्ये जे पाणी उरलं होतं त्यात मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळी लागलेली. आधी दोन रविवार आम्ही असेच येऊन परतलो होतो, सुई जमली नाही म्हणून. ही सुई म्हणजे इंजिनात इंधन किती जाईल ते ठरवणारा स्क्रू. तो लावायची रीत कानाची. विमानाचं तोंड आभाळाकडे धरायचं. आवाज किंचित चढला तर ठीक. पडला तर इंधन कमी पडतंय, सुई उघडायला हवी.

त्यांचा कान मीच होतो.

त्यांनी विमान उभं धरलं. "चढला का पडला?"

वारा सुटू लागला होता. ढिवर मंडळी जवळ येऊन मोठमोठ्यानं बोलत होती. मला वाटलं, पडला. नक्की नव्हतं. पडला म्हणालो असतो तर पुन्हा तासभर गेला असता, वारा वाढला असता, तिसरा रविवारही गेला असता. ऊन लागत होतं. मला ते उडालेलं बघायचं होतं.

"चढला," मी म्हणालो. मानेनंही हो म्हटलं, दिसावं म्हणून.

विमानानं पन्नास पावलांत जमीन सोडली. पिवळे पंख उन्हात पारदर्शक दिसत होते. त्यांनी पाण्यावरून एक मोठी फेरी घेतली आणि मग ज्यासाठी ते बनवलं होतं ते सुरू केलं. नाक वर, अजून वर, सरळ आभाळात.

तिथे आवाज पडला. ठोके विरळ झाले आणि थांबले.

मला ऐकू आलं. ढिवरांनाही ऐकू आलं, कारण सगळे एकदम गप्प झाले. फक्त त्यांना कळलं नाही. ते रेडिओची दांडी पुढे दाबून वर बघत होते, चेहऱ्यावर हसू होतं. मी ओरडलो, "बंद पडलं! भाऊ, बंद पडलं!" मी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला, तोवर विमान उलटं लटकून गरगरत खाली येऊ लागलं होतं. पाणी उडालं. दोन बगळे उठले.

एक ढिवर छातीभर पाण्यात गेला. बराच वेळ पायानं चाचपत होता. "मशीन गवसली जी," तो ओरडला. "पंखाइचं काई खरं नाई."

परतताना इंजिन त्यांच्या मांडीवर होतं, चिखलानं भरलेलं. घरी त्यांनी ते रॉकेलमध्ये धुतलं, तेल लावलं, डब्यात ठेवलं. दुसरं विमान केलं नाही. वसाहतीत कोणी विचारलं तर म्हणत, "आता होत नाही." दोन वर्षांनी नोकरी सोडून ते अड्याळला गेले.

मी त्यांना भेटायला गेलो तो केवळ एक गोष्ट सांगायला. त्यांच्याकडे आता पाटी होती, येणाऱ्यानं तिच्यावर लिहायचं. काकू चहा ठेवायला गेल्या तेव्हा मी लिहिलं, 'त्या दिवशी आवाज पडला होता. मी खोटं बोललो.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "अर्धा फेरा लागत होता फक्त. सुईचा."

पाटी पुसून त्यांनी खाली ठेवली. जेवायला थांबवलं, भात वाढताना आग्रह केला, आणि संध्याकाळी स्टँडवर सोडायला आले. पुढच्या हिवाळ्यात काकूंचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा ते जाऊन तेरा दिवस होऊन गेले होते. म्हणजे स्टँडवरची भेट शेवटची.

एसटी सुरू करून ड्रायव्हर पान खायला उतरला होता. मी खिडकीशी बसलो. ते खाली, गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही पंजे पसरून त्यांनी बॉनेटवर ठेवले. गाडी हादरत होती, त्यांच्या कोपरापर्यंत हात हादरत होते. कंडक्टर दोनदा ओरडला, "काका, बाजूले व्हा!" लोक हसले. ते डोळे मिटून तसेच उभे होते. शेवटी ड्रायव्हर आला, त्यानं त्यांचे हात उचलून हळूच बाजूला केले आणि गाडी काढली.