चालत्या मशीनला हळद

आज दसऱ्याला लॅपटॉपवर झेंडू ठेवला. आतल्या पंख्याच्या गरम हवेने त्याला तो कडवट वास सुटला आणि मी थेट लालबागच्या आमच्या खोलीत पोहोचले.

कॉलेजसाठी मी सी भाषेत एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते. दसऱ्याच्या सकाळी ती पहिल्यांदा चालली. बाबा हळदीकुंकू घेऊन उभेच होते. गिरणीत मशीन बंद करूनच पूजा व्हायची.

"थांबव गो ते."

"बाबा, आत्ताच तर चालू झालंय!"

"करतं काय ते?"

"कामं खूप, प्रोसेसर एक. कोणाला आधी घ्यायचं ते माझा प्रोग्राम ठरवतो. महत्त्वाचं काम आधी, बाकीची थांबतात."

बाबांनी उमेदीची वर्षं बदली कामगार म्हणून काढली होती. रोज गेटवर उभं राहायचं, कायमचा कोणी आला नाही तरच आत घ्यायचे.

"सारखी महत्त्वाचीच येत राहिली तर बाकीच्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

मी हसले. "बाबा, ती काय माणसं आहेत?"

चालत्या मशीनलाच त्यांनी हळद लावली.

सी भाषेने मला खूप दिलं. मशीनच्या आतलं कळतं म्हणून ऑफिसात लोक मला शोधत यायचे. आता कोड मशीनच लिहितं. कित्येक महिने मला प्रोजेक्ट नाही. रोज सकाळी लॉगिन करायचं आणि बसून राहायचं.

"आई, पूजेपुरता बंद करू?" लेकीने लॅपटॉपकडे हात नेला.

"नको गं," मी म्हटलं. "बोलावतील कदाचित."