आबांचं डोकं आणि माझं इंग्रजी

आमच्या घरात अर्ज लिहिता येणारी पहिली मीच. बी. ए. झाले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकालाची झेरॉक्स लॅमिनेट करून आपल्या मेडलांच्या शेजारी टांगली. त्यामुळं त्यांच्या अपंगत्व पेन्शनचं अपील कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता.

आबा फौजेत होते. सरहद्दीवर बर्फात गाडी घसरली, डोक्याला मार बसला. जखम भरली, डोकेदुखी राहिली. आठवड्यातून दोन-तीनदा उठतेच. मग ते आतल्या खोलीत खिडकीला घोंगडं लावून, डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडतात. त्या दिवशी आई कुकर लावत नाही. शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजवते.

रिटायर होताना मेडिकल बोर्डानं या दुखण्याला पंधरा टक्के दिले. वीसच्या आत राहिलं की अपंगत्वाचं काहीच मिळत नाही. पंधराच का, तर बोर्डापुढं जाताना आबांनी गुळगुळीत दाढी केली, बूट चमकवले आणि डॉक्टरांनी विचारल्यावर ताठ उभं राहून सांगितलं, "ठीक है, सर."

"असं का म्हणालात?" मी विचारलं.

"सायबापुढं कण्हायचं व्हय? पलटणीत आजारी म्हणून नाव देणाऱ्याला कामचुकार म्हणत्यात."

मी हसले. आणि अपील लिहायला बसले. दोन पानं, इंग्रजीत, एक चूक नाही. अशा दुखण्यातही आपण पहाटे उठतो, द्राक्षबागेची छाटणी स्वतः करतो, कुणापुढं हात पसरत नाही, असं आबांच्या नावानं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा आबांनी मिशीवरून हात फिरवला. आई म्हणाली, "कॉलेज वाया न्हाई गेलं."

काही महिन्यांनी उत्तर आलं. अपील फेटाळलं. कारणात माझंच वाक्य होतं: शेतीची कामे आपण स्वतः करतो, असे अर्जदारानेच म्हटले आहे.

सांगलीत माजी सैनिकांचे कागद बघणारे एक निवृत्त हवालदार आहेत. त्यांनी माझी दोन पानं वाचली, चष्मा काढला.

"पोरी, ह्ये अपील हाय का सत्काराचं भाषण?"

"खरं तेच लिहिलंय, काका."

"खरं हाय, पर निम्मं. दुखतंय त्या दिवशी काय हुतं, त्ये कुठाय? अजून एक अपील करता येतंय. आता काय जमत न्हाई, त्ये ल्ही."

परतीच्या एसटीत वही मांडीवर होती. कवठे महांकाळ आलं तरी एक ओळ झाली नव्हती. आबांना काय जमत नाही, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला ताठ आबाच बघायचे होते.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती भाकरी थापत बोलत राहिली. छाटणी दोन वर्षं मजूरच करतात. आबा दोन ओळी करतात आणि डोकं धरून खाली बसतात. उन्हात गाडी चालवत नाहीत. उलट्या होतात, ते मला कळू द्यायचं नाही अशी आबांची तिला ताकीद होती.

सगळं लिहिलं. या वेळी आधी मराठीत, आबांना समजावं म्हणून. मी वाचत होते, ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"छाटणीचं काढ," ते म्हणाले.

"काढलं तर परत पंधराच."

"आवं, ऱ्हाऊ द्या की," आई चुलीपासनं म्हणाली. "मी काय खोटं सांगितलंय?"

आबांनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडं वळवलं. मग म्हणाले, "एक ऱ्हायलं. झेंड्याला का जात न्हाई, त्ये बी ल्ही."

सरपंचाशी वाजलं म्हणून ते शाळेतल्या झेंडावंदनाला जात नाहीत, असंच आम्हाला वाटत होतं.

"ढोल वाजला की डोळ्यापुढं अंधार येतुया. मागं सलाम ठोकताना खांबाला धरलं मी. वर्दीत." ते थांबले. "सरपंचाचं म्या उगं उठवलं."

मी ते लिहिलं. त्याचं इंग्रजी करताना एकही शब्द सजवला नाही. आबांनी नंबर, हुद्दा, नाव, सगळं नेहमीच्या ठळक अक्षरात लिहून सही केली. पेन बंद केलं.

"बोर्डानं परत बोलीवलं, तर तू संगं चल," ते म्हणाले. "मला इचारलं, तर माझ्या तोंडातनं ठीक है सरच जाणार."